नऊ बैलांचं गाव

आमच्या वस्तीत बैल नाही. कधी नव्हता. जमीनच नाही तर बैल कशाला? आम्ही भोई. पूर्वी पालख्या वाहिल्या, मेणे वाहिले, नदीत जाळी टाकली. तांबजाईचं धरण झालं आणि नदीचं तळं झालं, तेव्हा तळ्यात जाळी टाकू लागलो. शेळ्या आहेत, कोंबड्या आहेत, कुत्री तर विचारूच नका. पण बैल नाही. म्हणून शिरगणतीच्या टोणपे मॅडमनी भर सभेत वाचून दाखवलं, "बैल, नऊ," तेव्हा आधी कुणाला काही कळलंच नाही. मग बायजा म्हणाली, "माझ्या नवऱ्याला धरून का?" आणि सगळी वस्ती हसली.

हसू फार टिकलं नाही. कारण त्याच्याच वरच्या ओळीत लिहिलं होतं, "रहिवासी, दोनशे चौदा." आम्हाला अडीचशे हवे होते.

अडीचशे म्हणजे गाव. त्याच्या खाली म्हणजे कुणाचं तरी शेपूट. बावीस वर्षांपूर्वी आमची जुनी वस्ती पाण्याखाली गेली आणि आम्ही चढावर येऊन बसलो, तेव्हापासून आम्ही मोरवंडचं शेपूट होतो. मोरवंड सात किलोमीटरवर. तिथल्या दप्तरात आमचं नावसुद्धा नव्हतं, नुसतं "उत्तरेकडील किनारा" असं होतं. पत्र यायचं ते "किनारा" लिहून. शाळा मोरवंडला, धान्य मोरवंडला, मत द्यायचं तर मोरवंडला, आणि दाखला मागायला गेलं की कारकून विचारायचा, "किनाऱ्यावर माणसं राहतात?" आम्ही आमचं नाव ठरवून ठेवलं होतं. चौखांदे. चार खांद्यांचं. पण नाव ठेवून काय उपयोग, बारसं तर झालं पाहिजे.

आणि यंदाची शिरगणती म्हणजे आमच्या बारशाची वेळ होती. एक्केचाळीस सालची. दारावर येऊन "घरात किती जण" विचारणारे गुरुजी यात नव्हते. यंत्र मोजणार होतं. छोट्या वस्त्या दरवेळी सुटायच्या, हंगामाला गेलेली माणसं दोन्हीकडे लागायची किंवा कुठेच लागायची नाहीत, म्हणून सरकारनं ही नवी मोजणी आणली होती. लोक तिला पाऊलमोजणी म्हणत.

टोणपे मॅडमनी ती आम्हाला पहिल्याच दिवशी समजावून सांगितली होती. बाई तिशीतली, पायांत रबरी बूट, बोलणं मात्र सरळ. आमच्या चढावरून खाली उतरणारी एकच पायवाट आहे. खाली उतरल्यावर तिला दोन फाटे फुटतात, एक पाण्याकडे, एक जीपच्या थांब्याकडे. वस्तीतून कुठेही जायचं तर त्या वाटेनंच जावं लागतं. मॅडमनी त्या वाटेखाली हातभर खोल एक तार पुरली. तार काचेची, केसाहून थोडी जाड.

"या तारेतून आम्ही उजेड सोडतो," त्या म्हणाल्या. "सेकंदाला हजारो वेळा. वर कुणी पाऊल टाकलं की माती दबते, मातीखाली काच जराशी ताणली जाते. किती? तुमच्या नखाच्या हजाराव्या भागाहून कमी. पण तेवढ्यानंही उजेडाचा एक कण मागे फिरतो. तो किती वेळात परत आला यावरून पाऊल कुठे पडलं ते कळतं. आणि पावलामागून पाऊल कसं पडतं, टाच आधी की चवडा आधी, वजन किती, मध्ये किती वेळ गेला, यावरून माणूस कळतो."

"नाव कळतं?" हिरामणनं विचारलं होतं. हिरामण म्हणजे माझा पुतण्या, माझ्या थोरल्या भावाचा मुलगा.

"नाव नाही कळत. नंबर पडतो. दोन माणसांचा अंगठा सारखा नसतो, तशी दोन माणसांची चाल सारखी नसते. एकशेवीस दिवस यंत्र ऐकणार. त्यांतले चाळीस दिवस जो सापडेल तो इथला रहिवासी. कमी सापडला तर पाहुणा."

"आणि जे चालत नाहीत ते?" मी विचारलं.

"कडेवरची मुलं, अंथरुणावरची माणसं. त्यांचं वेगळं पत्रक आहे. ते हातानं भरायचं. कोण भरेल?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी छप्पन्नाव्या वर्षी अक्षरं शिकलो, पंधरा वर्षं झाली. वस्तीत माझ्यापेक्षा जास्त शिकलेली पोरं आता खूप आहेत, पण ती कामावर जातात. मी रिकामा. तेव्हा पत्रक माझ्याकडे आलं. दारोदार फिरलो आणि एकोणीस नावं भरून दिली.

जाताना मॅडमनी सहज विचारलं होतं, "तुमचा अंदाज काय? किती असाल तुम्ही सगळे?"

कुणी बोलेना. शेवटी बायजा म्हणाली, "भरपूर."

मॅडमना वाटलं चेष्टा चालली आहे. चेष्टा नव्हती. आमच्यात माणसं मोजत नाहीत. मासे मोजतो, जाळ्याची भोकं मोजतो. पण होडीत बसलेली माणसं तोंडानं मोजायची नाहीत, हा आमचा फार जुना नेम. मोजलं की पाणी ऐकतं. होडीतला नेम हळूहळू घरात आला, आणि घरातून वस्तीत. त्यामुळे यंत्र दोनशे चौदा म्हणालं तेव्हा "खोटं आहे" असं छातीवर हात ठेवून सांगणारा आमच्यात एकही नव्हता. आम्हाला आमचा आकडाच ठाऊक नव्हता.

"हरकत घ्यायला सात दिवस आहेत," मॅडम म्हणाल्या. "सातव्या दिवशी दुपारी बारा वाजता मला आकडा पाठवावा लागेल. पण हरकत म्हणजे पुरावा. नुसतं ‘आम्ही जास्त आहोत’ चालणार नाही."

"मग ते बैल?" मी म्हणालो.

"बैलांचं काय?"

"आमच्यात बैल नाहीत, बाई."

त्यांनी हातातल्या काचेच्या पाटीवर बोट फिरवलं. "मोरवंडचे चरायला येत असतील. कामाचे बैल आहेत. पहाटे पाच-सव्वापाचला खाली जातात, संध्याकाळी सहाला वर येतात. भार असतो अंगावर. आणि हे बघा, सोमवारी एकही बैल नाही." त्या हसल्या. "सोमवारी बैलाला औत धरत नाहीत ना? माझे आजोबापण धरत नसत. यंत्राला ते कसं माहीत असणार? पण नोंद बरोबर आहे."

नोंद इतकी बरोबर होती की मलाही क्षणभर वाटलं, असतील बुवा बैल.

दोन दिवस ते बैल माझ्या डोक्यात औत ओढत राहिले. पहाटे खाली, संध्याकाळी वर, सोमवारी सुट्टी. सोमवारी तर आम्हीही पाण्यात जात नाही. तांबजाई देवीचा वार.

तिसऱ्या दिवशी उजाडताना मी वाटेच्या कडेला दगडावर जाऊन बसलो. हा माझा रोजचाच नेम. पौषात याच उतारावर पाय घसरला, खुबा दुखावला, तेव्हापासून हातात काठी आहे, तरी खाली पाण्यापर्यंत जाऊन आल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. बसलो होतो आणि वरून होड्या येऊ लागल्या.

आमच्या नऊ मोठ्या होड्या आहेत, पत्र्याच्या. होडी पाण्यात झोपवायची नाही, हा आमचा दुसरा नेम. तळ्याला वारा सुटला की बांधलेली होडी खडकावर आपटून तिचा डबा होतो. म्हणून रोज संध्याकाळी होडी दोन बांबूंवर घालून चढावर घरी आणायची, पहाटे परत खाली न्यायची. एका होडीला चार खांदे. नवरा-बायको, दीर-जाऊ, बाप-लेक, जे असतील ते. दिवसभर मासे धरतात, पलीकडच्या काठावर विकतात, तिथूनच मीठमिरची घेतात आणि होडीनंच परत येतात.

पहिली होडी बायजाची. ती पुढच्या बांबूला, डाव्या अंगाला. माझ्यासमोरून गेली तेव्हा माझे डोळे मिटलेले होते, पण कान उघडे. धप्प. धप्प. धप्प. धप्प.

मी डोळे उघडले आणि पावलं बघू लागलो.

मी तीस वर्षं खांद्यावर ओझं वाहिलं आहे. पंधराव्या वर्षी माझ्या बापानं मला पहिली गोष्ट शिकवली ती ही : पुढच्या दोघांचा डावा पडला की मागच्या दोघांचा उजवा पडला पाहिजे. चौघांचा एकच पाय पडला तर पालखी झोके खाते, आतला माणूस ओकतो. पुढचे डावा, मागचे उजवा, मग ओझं पाण्यावर तरंगल्यासारखं जातं. आमच्या पोरांना हे शिकवावंही लागत नाही आता, बांबू खांद्यावर आला की पाय आपोआप तसे पडतात. पुढे दोन, मागे दोन. आडवे.

चार पायांचं जनावर अगदी असंच चालतं.

मी काठी टाकून ओरडलो, "बायजे! अगं थांब! तू बैल आहेस!"

होडी थांबली. बायजा बांबूखालून वाकून माझ्याकडे बघत म्हणाली, "नाना, सकाळी सकाळी प्यालास का?"

"तू, तुझा नवरा, तुझा दीर, जाऊ! चौघं मिळून एक बैल! नऊ होड्या, नऊ बैल!"

मागून तिचा नवरा म्हणाला, "म्हंजे मी मागचा पाय का पुढचा?"

"तू शेपूट," बायजा म्हणाली. पण तिचे डोळे चमकले होते. तिला माझ्या आधी पुढचा हिशेब सुचला. "नाना, मग आमी कुठं गेलो? मानसं म्हनून आमी लागलोच न्हाई?"

लागले होते. पाहुणे म्हणून. ही छत्तीस माणसं त्या वाटेवरून मोकळी चालतात ती फक्त सोमवारी. एकशेवीस दिवसांत सोमवार सतरा. सतरा दिवस सापडलेला माणूस यंत्राच्या लेखी पाहुणा. वस्तीतली सगळ्यात कर्ती माणसं पाहुणी, आणि बैल आमचे रहिवासी!

दोनशे चौदा आणि छत्तीस किती होतात ते मी काठीनं मातीत मांडलं. दोनदा मांडलं. अडीचशे. बरोबर अडीचशे.

फोन केला तशा पाचव्या दिवशी मॅडम आल्या. त्यांचा विश्वास नव्हता, पण त्यांना उत्सुकता होती, आणि खरं सांगतो, सरकारी माणसात मी ती फार थोड्या वेळा पाहिली. त्यांनी पाटी उघडून दगडावर ठेवली. पाटीवर एक हिरवी रेघ होती, सपाट. शेजारून शेळी गेली तर रेघ थरथरली आणि खाली अक्षरं आली, "शेळी." पोरं टाळ्या पिटू लागली.

"आणा होडी," मॅडम म्हणाल्या.

वरून बायजाची होडी उतरली. वस्ती दोन्ही बाजूंना उभी. रेघेला उंचवटे फुटले, एकामागून एक, सारखे. अक्षरं आली :

"बैल. भारासह वजन तीनशे दहा किलो."

जो गलका झाला! मॅडमनी तोंडावर हात ठेवला. हसू दाबत होत्या की आणखी काही, कळेना. "आता होडी खाली ठेवा. चौघं एकेक करून या. नेहमीसारखं चाला, नाटकी नाही."

बायजा आली. "पाहुणा, क्रमांक आठ." तिचा नवरा. "पाहुणा, क्रमांक अकरा." दीर, जाऊ. बारा आणि तीस.

"परत उचला," मॅडम म्हणाल्या. आवाज बदलला होता.

"बैल."

नऊच्या नऊ होड्या झाल्या. मॅडम मातीत मांडी घालून बसल्या होत्या, बुटांना चिखल, आणि भराभर बोलत होत्या, आमच्याशी की स्वतःशी कोण जाणे. "यंत्राची चूक नाही. यंत्राला चार पायांची एक चाल दिसली, ती त्यानं ओळखीच्या खणात टाकली. शिकवताना त्याला बैल दाखवले, भोई कुणी दाखवलेच नाहीत. पण जुनी सगळी नोंद आहे. प्रत्येक बैलात चार माणसं शोध, असं मी त्याला आता सांगू शकते. पुढचा डावा खांदा, पुढचा उजवा... चौघांचं वजन वेगळं, टाच वेगळी. वेगळे निघतील."

अर्ध्या तासानं वेगळे निघाले. छत्तीसच्या छत्तीस. कुणी होडीखाली शंभर दिवस, कुणी एकशेएक. पाहुण्यांच्या यादीतून छत्तीस नंबर उठले आणि रहिवाशांत जाऊन बसले. बैलांसमोर शून्य आलं.

मॅडमनी आकडा मोठ्यानं वाचला नाही. आमचा नेम त्यांना एव्हाना कळला होता. त्यांनी पाटी माझ्यासमोर धरली आणि मी नुसती मान डोलावली. वस्तीला तेवढं पुरलं. बायजानं तिथेच फुगडी धरली. कुणी गूळ आणला. ढोल आला.

मला इथेच थांबता आलं असतं. पण माणसाला आनंद झाला की तो शहाणपण सोडतो. मी म्हणालो, "बाई, माझा नंबर किती?"

"चाला ना, बघू."

मी काठी टेकत तारेवरून गेलो. "रहिवासी, क्रमांक एकशेत्र्याहत्तर. सहासष्ट दिवस."

मी खूश होऊन दगडावर बसलो आणि गूळ तोंडात टाकला. मग तो तिथेच राहिला. सहासष्ट? मी तर एकही दिवस चुकवला नव्हता. मॅडम जीपकडे सामान ठेवायला गेल्या होत्या, पाटी दगडावरच होती. मी यादी वर सरकवत गेलो. पंधरा वर्षांत वाचायची सवय झाली आहे, तरी ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. रहिवासी, क्रमांक एक्केचाळीस. चौपन्न दिवस, पहिल्यापासून. रोज पहाटे खाली, लगेच वर. चौपन्नाव्या दिवसानंतर कधीच सापडला नाही.

तो मीच होतो, पडायच्या आधीचा, बिनकाठीचा. पडल्यावर माझी चाल बदलली आणि यंत्राला वाटलं, एक म्हातारा गेला आणि एक नवा आला. दोघांचेही चाळीस भरले होते. मी एकटा दोन माणसं होतो.

खरा आकडा एकनं कमी होता.

समोर फुगडी चालली होती. कुणालाच माहीत नव्हतं. मॅडमनाही नव्हतं. मी गूळ गिळला आणि बसून राहिलो, फार वेळ नाही, ढोलाचा एक फेरा होईपर्यंत. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती : चौघांना एक म्हटलं तेव्हा आपण यंत्राला खोटं म्हणालो. आता एकाला दोन म्हटलं, तर ते खरं कसं म्हणायचं? आणि गावाच्या पहिल्याच कागदात एक माणूस नसलेला?

मी जीपपाशी गेलो आणि सांगितलं.

मॅडमनी डोळे मिटले. "नाना," त्या म्हणाल्या, "मला हे दिसलं नव्हतं."

"म्हणून तर सांगितलं."

"मग तुम्ही एकनं कमी आहात."

"हो."

"परवा दुपारपर्यंत वेळ आहे. त्या पत्रकात कुणी राहिलं आहे का? न चालणारं? नीट आठवा."

मला आठवावं लागलंच नाही. एक दार मी पहिल्याच दिवशी टाळलं होतं.

बातमी माझ्या आधी वस्तीत पोचली. ढोल बंद पडला. बायजा कमरेवर हात ठेवून वाटेत उभी. "नाना, दोन दिस गप बसला असतास तर दात पडलं असतं का तुजं?"

"दोनच उरलेत, बायजे."

"ते बी मी पाडते आता," ती म्हणाली, पण बाजूला झाली.

गजरावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, हिरामणची आई. ती लग्न होऊन आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, माझा शेंबूड तिनं पुसला आहे. चार वर्षांपासून तिचे पाय गेले आहेत. आणि बावीस वर्षांपासून आमचं बोलणं नव्हतं.

जुनी वस्ती बुडाली त्या साली आम्ही शेवटच्या होडीनं निघालो. भाऊ, वहिनी, हिरामण, मी, आणखी तिघं. काठावरून पुनर्वसनाचा कारकून ओरडला, "होडीत किती जण?" त्याला वहीत लिहायचं होतं. मी ओरडून सांगितलं, "सात!" मध्यावर वारा सुटला आणि होडी उलटली. सहा काठाला लागले. भाऊ लागला नाही. वहिनी काठावर बसून एवढंच म्हणाली, "भागूनं मोजलं." ते सगळ्यांनी ऐकलं. मीही मानलं.

पत्रकात पहिलाच प्रश्न होता, "घरात न चालणारे किती जण?" तो घेऊन तिच्या दारात जायची माझी छाती झाली नाही. हिरामण देईल नाव, असं मी स्वतःला सांगितलं. हिरामणला वाटलं, काकानं लिहिलंच असेल.

ती दाराशी खाटेवर होती, उशीला टेकून. संध्याकाळचं ऊन तोंडावर.

"कोन हाय?"

"मी. भागू."

"येकलाच आलास, का दोघं बी आलात?"

आतून हिरामणची बायको खुदकन हसली आणि गप्प झाली. मी उंबऱ्यावर बसलो.

"तुजी दोन झाली," वहिनी म्हणाली, "आन माजं येक बी न्हाई व्हय रं?"

"चुकलं माझं, वहिनी. तुमच्या दारात येऊन मोजणीचं विचारायचं... जमलं नाही मला."

तिनं तोंड तळ्याकडे वळवलं. मग म्हणाली, "त्या दिशी होडीत माजं जातं व्हतं."

मला कळेना.

"जातं. दळायचं. तुजा भाऊ म्हनला, ऱ्हाऊ दे, नवं घिऊ. मी म्हनलं, जात्याबिगर मी होडीत पाय ठेवायची न्हाई. माज्या आईनं दिलेलं. गोधडीत बांधून ठिवलं मी, तुमाला कुनाला दिसलं बी न्हाई. वारं सुटलं तवा ते घरंगळलं येका अंगाला. तुजं मोजनं समद्यांनी ऐकलं. माजं जातं कुनाला म्हाईत न्हाई. तुज्यावर घालनं सोपं पडलं."

बावीस वर्षं जे ओझं वाहिलं त्याचा दुसरा खांदा आज दिसला. मी पुढे सरकून तिच्या पायांवर हात ठेवला. पाय थंड होते. तिनं माझ्या डोक्यावर एक टप्पल मारली, नवव्या वर्षी मारायची तशीच.

"बास. काढ कागद. ल्ही माजं नाव. आन नुसतं कागदावर न्हाई चालायचं. उद्याच्याला मला त्या तारंवरनं न्या. बघू तरी सरकारला मी किती जड हाय."

सहाव्या दिवशी सकाळी हिरामणची होडी निघाली, तिच्यात गोधडीवर वहिनी, डोक्याला पदर, दोन्ही कडा हातांनी धरून. पुढे हिरामण आणि त्याची बायको, मागे बायजा आणि तिचा नवरा. पालखी वाहावी तशी होडी उतरली, पाणी हललं नसतं इतकी सावकाश. मॅडम पाटी घेऊन उभ्या.

"बैल," मॅडमनी वाचलं. "वजन तीनशे चौपन्न किलो."

"माजं येगळं काढा त्यातनं," होडीतून वहिनी म्हणाली. "माजं येवडं न्हाई."

होडी तारेच्या कडेला टेकवली. मी काठी वहिनीच्या उजव्या हातात दिली आणि डावा हात माझ्या खांद्यावर घेतला. हिरामणनं मागून कंबर धरली. चार वर्षांत तिनं जमिनीवर पाऊल ठेवलं नव्हतं. तिनं ते उचललं, टेकवलं, ओढलं. पाटीवरची हिरवी रेघ अगदी थोडी हलली.

"नवीन क्रमांक," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे?"

"म्हणजे या वाटेवर असं पाऊल आजवर पडलं नव्हतं." मग त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं आणि परत सरकारी झाल्या. "पण एका पावलानं रहिवासी होत नाही कुणी. त्यासाठी पत्रक आहे, आणि मी स्वतः बघितलं आहे. पुरे." त्यांनी एक्केचाळीस नंबर खोडला, एकशेत्र्याहत्तर ठेवला. पत्रकात विसावं नाव चढवलं. नाव, चौखांदे. बैल, शून्य. मग बोट एका खणावर थांबलं. "हा आकडा आज मला मोठ्यानं वाचावा लागतो. ग्रामस्थांसमोर. तसा नियम आहे."

पोरांना आयांनी जवळ ओढलं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी वहिनीकडे.

"अडीचशे," वहिनी म्हणाली. मग काठी मातीत आपटून पुन्हा, तळ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "अडीचशे मानसं हाईत आमी! लिवा, बाई!"

त्या दिवशी होड्या उशिरा निघाल्या, पण निघाल्या. दुपारी वारा सुटला, चांगला जोराचा. वहिनीनं खाट दारातून हलवू दिली नाही, मी दगडावरून उठलो नाही. ऊन कलल्यावर पहिला बांबू चढाला लागला. पुढचे डावा, मागचे उजवा. मी काठी जमिनीवर टेकवली, आणि होडी माझ्यासमोरून गेली की तोंडानं म्हणत गेलो, चार, आठ, बारा.

छत्तीस. सगळे आले होते.